रांगणाऱ्या बाळाला घरात खरा धोका कशाचा?

बाळ रांगू लागलं की घरातली मंडळी सुऱ्या-कात्र्या उचलून वर ठेवतात. ते बरोबरच. पण बाथरूममधली अर्धी भरलेली बादली तशीच राहते. नळाला ठरावीक वेळीच पाणी येत असेल, तर ती भरून ठेवावीच लागते.

या वयात शरीराच्या मानाने डोकं जड असतं. काठाला धरून उभं राहिलेलं बाळ आत डोकावतं, तोल जाऊन डोक्यावर पडतं आणि स्वतःला वर उचलण्याइतकं बळ त्याच्या हातांत नसतं. पाण्याने जड झालेली बादली कलंडतही नाही. नाक-तोंड बुडायला 5 सेंटिमीटर पाणीसुद्धा पुरतं, आणि हे बहुतेक वेळा आवाज न होता घडतं. म्हणून काम झालं की बादली रिकामी करून पालथी घालायची. साठवण हवीच असेल तर घट्ट झाकणाचं पिंप बरं. बाथरूमला बाहेरून कडी, तीही उंचावर.

दुसरी वस्तू अगदीच छोटी: रिमोट, खेळणं किंवा वजनकाट्यातला बटण सेल. तो अन्ननलिकेत अडकला तर 2 तासांत आतून गंभीर भाजू शकतं. रिमोटमध्ये चालेनासा झालेला सेलही याला अपवाद नाही. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थेट रुग्णालय गाठा. शेंगदाणे, फुटाणे, नाणीही हाताबाहेर हवीत.

बाकी काय हटवायचं ते कळायला एकदा स्वतः घरभर रांगून पाहा. लोंबणारी इस्त्रीची वायर, कॉटखालचं झुरळांचं औषध तिथूनच दिसतं.