चमकते ती ज्योत, कण नव्हे

दिवाळीत नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सोसायट्यांमध्ये मुलं फुलबाजी पेटवतात, तेव्हा तिच्या पांढऱ्या झगझगाटात ॲल्युमिनिअमची पूड जळत असते. तरीही ‘धातू वितळतो, जळत नाही’ असं ठामपणे सांगणारे सुशिक्षित लोक भेटतात. धातू जळतो. बारीक पूड करून त्याला भरपूर ऑक्सिजन दिला, तर फार जोमानं जळतो. अग्निबाणाच्या घन इंधनात तो त्यासाठीच घातलेला असतो.

हा विषय नाशिकला परका नाही. ओझर म्हटलं की आपल्याला एचएएलची मिग आणि सुखोई विमानं आठवतात. पण डीआरडीओचं एसीईएम हे केंद्रही नाशिकचंच आहे आणि तिथे घन प्रणोदकावर, म्हणजे अग्निबाणाच्या घन इंधनावर, काम चालतं. याच क्षेत्रातली एचईएमआरएल ही प्रयोगशाळा पुण्यात सुतारवाडीला आहे.

घन इंधन म्हणजे महाकाय फटाका, हा दुसरा गैरसमज. यात अमोनिअम परक्लोरेटचे स्फटिक आणि ॲल्युमिनिअमची पूड एचटीपीबी नावाच्या रबरात घट्ट बसवलेली असतात. ॲल्युमिनिअमचं प्रमाण वजनानं साधारण १५ ते २० टक्के. हा रबरी ठोकळा फुटत नाही, थराथरानं जळत जातो, तोही सेकंदाला काही मिलिमीटर इतकाच. पीएसएलव्ही अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यातलं सुमारे १३८ टन इंधन संपायला पावणेदोन मिनिटं लागतात.

आता मुख्य मुद्दा. पूड जेवढी बारीक घातली तेवढ्याच बारीक कणांनी ती जळते, असं वाटणं स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसं होत नाही. प्रत्येक कणावर ऑक्साइडचं अतिशय पातळ कवच असतं. आतलं ॲल्युमिनिअम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, कवच मात्र २,०७२ अंशांपर्यंत टिकतं. जळत्या पृष्ठभागावर कवचं तडकतात, आतला द्रव बाहेर येतो आणि शेजारचे कण एकमेकांना चिकटतात. वीस-तीस मायक्रॉनच्या पुडीतून शेकडो मायक्रॉनचे थेंब बनून ज्वाळेत उडतात. थेंब दहापट मोठा झाला, तर तो जळायला दहापट नव्हे, साठपटीच्या आसपास वेळ लागतो. थेंब पूर्ण जळण्याआधीच नोझलबाहेर पडला, तर तेवढी ऊर्जा वाया गेली. म्हणूनच थेंबांचा खरा आकार कळणं इतकं महत्त्वाचं आहे.

मग वेगवान कॅमेरा लावला की झालं? इथेच सगळ्यात मोठी फसगत होते. ॲल्युमिनिअमचा थेंब कोळशासारखा पृष्ठभागावर जळत नाही. तो उकळतो, त्याची वाफ बाहेर पडते आणि ज्योत थेंबापासून थोड्या अंतरावर, त्याच्याभोवती पेटते. साध्या छायाचित्रात जो तेजस्वी गोळा दिसतो, तो या ज्योतीचा आणि तिच्यातल्या तापलेल्या ऑक्साइडच्या धुराचा असतो. तो थेंबाच्या दुपटीहूनही मोठा असू शकतो. रात्री इंदिरानगरच्या बोगद्यातून समोरून अप्पर लाइट लावलेली गाडी आली, की दिवा दिसतो, गाडी केवढी ते कळत नाही, तसंच हे.

यावर उपाय म्हणजे मागून ज्योतीहून प्रखर लेझर प्रकाश टाकायचा आणि थेंबाची सावली टिपायची. लेझर एकाच रंगाचा असतो, म्हणून कॅमेऱ्यापुढे तेवढाच रंग आत सोडणारा फिल्टर लावतात. ज्वाळेचा बहुतेक उजेड अडतो आणि काळा, गोल थेंब उमटतो. कधी त्याच्या एका अंगाला चिकटलेली ऑक्साइडची टोपीही दिसते. सावलीचीही एक अडचण आहेच : फोकसच्या पुढचे-मागचे थेंब पुसट येतात. ती डिजिटल होलोग्राफी सोडवते. तिच्यात थेंबावरून वळलेला आणि सरळ आलेला प्रकाश मिळून जी वलयं तयार होतात, ती नोंदवली जातात. संगणक त्यांवरून थेंबाचं अंतरही काढतो आणि आकारही. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये याच पद्धतीनं प्रणोदकाच्या ज्वाळेतले ॲल्युमिनिअमचे थेंब त्रिमितीत मोजून दाखवले. माझ्या मते या क्षेत्रातलं हे फार मोलाचं पाऊल आहे. अर्थात उघड्या हवेतलं चित्र जसंच्या तसं अग्निबाणाच्या मोटरला लागू करता येत नाही. तिथला दाब वातावरणाच्या कित्येक पट असतो, म्हणून काचेची खिडकी असलेल्या दाबपात्रातही हे प्रयोग करावे लागतात.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा : घन इंधनाच्या अग्निबाणामागे राहणारा दाट पांढरा पट्टा नुसत्या वाफेचा नसतो. त्यात ॲल्युमिनिअम ऑक्साइडचे बारीक कण असतात आणि परक्लोरेटमुळे हायड्रोजन क्लोराइडही असतो.

शाळा-कॉलेजच्या मुलांना एक कळकळीची विनंती. फुलबाजी मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये जरूर टिपा, पण मोठ्या माणसांना सोबत घेऊन, सुरक्षित अंतरावरून. तिची पूड खरवडून घरी मिश्रणं मात्र कधीही करू नका. धातूच्या पुडीला एखादी ठिणगी किंवा नुसतं घर्षणही पेटायला पुरतं, आणि पेटलेल्या ॲल्युमिनिअमवर पाणी ओतलं तर आग आणखी भडकते.