खांदेदुखी : विश्रांती नव्हे, मार्गदर्शनाखालील व्यायाम

“हात वर जात नाही,” एवढेच सांगून अनेक रुग्ण आमच्या फिजिओथेरपी विभागात समोर बसतात. थोडे अधिक विचारले म्हणजे त्या वाक्यामागचा त्रास उलगडू लागतो. वेणी घालता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही, बसमधील दांडी धरता येत नाही आणि रात्री त्या कुशीवर वळताच जाग येते. यांपैकी बहुतेकांचे दुखणे काही महिन्यांपूर्वीच सुरू झालेले असते. तोवर तेल लावून होते, शेक घेऊन होतो आणि घरच्यांच्या सांगण्यावरून हात जपूनही होतो. ‘दुखतो तो अवयव हलवू नये’ ही समजूत मोडलेल्या हाडाच्या बाबतीत योग्य असली, तरी जुनाट खांदेदुखीत तीच बरे होण्याच्या आड येते. ती दूर व्हावी, या हेतूने हा लेख आहे.

खांद्याची रचना

दंडाच्या हाडाचे गोल टोक पाठीच्या पात्यावरील एका लहान व उथळ खोबणीत बसते. बशीवर चेंडू ठेवावा तशी ही रचना आहे. त्यामुळेच शरीरातील इतर कोणत्याही सांध्यापेक्षा खांदा अधिक दिशांनी फिरतो. मात्र त्याचे स्थैर्य हाडांपेक्षा भोवतालच्या स्नायूंवर अवलंबून राहते. ‘रोटेटर कफ’ या नावाने ओळखले जाणारे चार स्नायू हा चेंडू बशीच्या मध्यावर धरून ठेवतात. हे स्नायू व त्यांचे बंध दुबळे झाले किंवा त्यांवर एकाएकी अधिक भार आला, तर हात उचलताना कळ येते.

दुखण्याचे दोन प्रमुख प्रकार

पहिला प्रकार या स्नायूंशी निगडित आहे. यात रुग्णाला स्वतः हात उचलताना दुखते, परंतु दुसऱ्याने आधार देऊन उचलल्यास हात बहुधा वर जातो.

दुसरा प्रकार ‘गोठलेला खांदा’ अर्थात फ्रोजन शोल्डर. बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली हे नाव रूढ केले. यात सांध्याभोवतीचे वेष्टन सुजते, जाड होते व आकसते. त्यामुळे दुसऱ्याने उचलला तरी हात अडतो आणि कोपर अंगाशी ठेवून हात बाहेरच्या बाजूस वळविणे विशेष कठीण जाते. हा विकार प्रामुख्याने ४० ते ६० या वयात व स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. मधुमेहींमध्ये त्याचे प्रमाण कितीतरी अधिक असते. म्हणून अशा रुग्णाची रक्तशर्करा तपासून घेणे आम्ही आवश्यक मानतो. प्रथम वेदना, नंतर आखडलेपण आणि शेवटी हळूहळू मोकळेपणा, असा त्याचा क्रम असतो. या साऱ्यास एक ते तीन वर्षेही लागू शकतात.

व्यायामाची मात्रा

औषधाप्रमाणे व्यायामालाही मात्रा असते. वेदना तीव्र असताना आम्ही लोलकाचा व्यायाम शिकवितो. चांगल्या हाताने टेबलाचा आधार घेऊन पुढे वाकावे, दुखरा हात सैल सोडावा आणि घड्याळाच्या लंबकाप्रमाणे हलकेच झुलवावा. वेदना ओसरू लागली की भिंतीवर बोटांनी चढत हात वर नेणे, दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हाताने दुखऱ्या हातास दिशा देणे आणि पाठीमागे टॉवेल धरून हात वर सरकविणे, हे प्रकार येतात. शेवटच्या टप्प्यात रबरी पट्टी ओढून स्नायूंचे बळ वाढविले जाते.

व्यायाम करताना थोडे दुखणे अपेक्षित आहे. ते थोड्या वेळात शमले, तर मात्रा योग्य समजावी. दुसऱ्या दिवसापर्यंत ठणका राहिला, तर ती कमी करावी. व्यायाम मात्र सोडू नये. हात जबरदस्तीने ओढून ‘मोकळा करून’ घेणे टाळावे. झोपताना दुखऱ्या हाताखाली उशी घ्यावी. सदरा घालताना दुखरा हात आधी घालावा व काढताना शेवटी काढावा.

पडल्यानंतर हात अचानक उचलता न येणे, ताप, सांध्यावर सूज अथवा गाठ, वजन घटणे, अशी लक्षणे असल्यास व्यायामापूर्वी डॉक्टरांची तपासणी अनिवार्य आहे. खांदेदुखीबरोबर छातीत दडपण, घाम वा धाप असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

रोज यावे लागते काय?

हा प्रश्न आमच्या रुग्णांसाठी पोटापाण्याचा आहे, कारण रुग्णालयात येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. या संदर्भात ब्रिटनमधील एक अभ्यास बोलका आहे. रोटेटर कफच्या ७०८ रुग्णांवरील हा अभ्यास २०२१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना सहा भेटींपर्यंत व्यायाम शिकविण्यात आला. इतरांना एकाच भेटीत नीट समजावून घरी करावयाचा व्यायाम देण्यात आला. वर्षभराच्या काळात दोन्ही गटांच्या प्रगतीत विशेष अंतर आढळले नाही. याचा अर्थ मार्गदर्शन अनावश्यक आहे असा नव्हे. पहिली भेट घाईची नसावी आणि पुढचे काम घरी नेमाने व्हावे, असा बोध आम्ही त्यातून घेतो.

शिवणकामावर घर चालविणाऱ्या एक भगिनी पाच महिने दुखणे अंगावर काढून आमच्याकडे आल्या. हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि तपासणीत मधुमेहही निघाला. तीन आठवडे व्यायाम करूनही फरक न दिसल्याने त्यांनी येणे थांबविले. आम्ही निरोप पाठवून त्यांना बोलावून घेतले आणि जुनी मापे दाखविली. हात चार बोटे अधिक वर जात होता, पण वेदनेमुळे ते त्यांच्या ध्यानात आले नव्हते. पुढे दर पंधरवड्यास एक भेट व घरी दिवसातून तीन वेळा व्यायाम, असा क्रम त्यांनी वहीत नोंदवून पाळला. सहाव्या महिन्यात त्यांनी स्वतःची वेणी स्वतः घातली.

या उपचारास लागणारी साधने म्हणजे एक काठी, एक टॉवेल आणि घरची भिंत. महाग आहे तो फक्त वेळ : समजावून सांगणाऱ्याचा आणि चिकाटीने करणाऱ्याचा. देणगीदारांच्या साहाय्याने विकत घेतलेली यंत्रे सर्वांना दिसतात. एका रुग्णाजवळ शांतपणे बसता येणारा अर्धा तास मात्र दिसत नाही. तो अर्धा तास प्रत्येक रुग्णाला मिळावा, हीच आमची धडपड आहे. रुग्णांना आमची विनंती एवढीच, की खांदा आखडण्याची वाट न पाहता लवकर यावे आणि बरे वाटू लागले म्हणून व्यायाम मध्येच सोडू नये.