पगार वाढवला नाही म्हणजे कापला का?

फेलोशिप चार वर्षं तेवढीच आणि मेसचं बिल मात्र दरवर्षी वर. मग फेलोशिप कमी झाली म्हणायचं का? आमच्या हॉस्टेलवर यावरून रात्री वाद होतात. अमेरिकेत हाच वाद न्यायाधीशांच्या पगारावरून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. माझा विषय कायदा नाही, पण एका शब्दाची व्याख्या किती महाग पडू शकते हे बघायचं असेल तर हे प्रकरण वाचाच.

तिथल्या घटनेनुसार संघीय न्यायाधीश पदावर असेपर्यंत त्याचा पगार कमी करता येत नाही. कारण उघड आहे: पगाराची दोरी ज्याच्या हातात, निकालावर दबाव त्याचा. १७८७ च्या मसुद्यात 'वाढवताही येणार नाही' असंही होतं. ते शब्द पुढे गाळले गेले. वाढीसाठी न्यायाधीश काँग्रेसच्या तोंडाकडे बघत बसतील, ही मॅडिसनची भीती. पैशाची किंमत बदलते, तर पगार गव्हासारख्या टिकाऊ मोलाच्या वस्तूशी बांधा, असं त्याने सुचवलं. (महागाई निर्देशांकच की हा!) ते काही झालं नाही.

आता १९७० च्या दशकात या. कायद्यानेच दरवर्षी १ ऑक्टोबरला पगारवाढ मिळायची. १९७६ ते १९७९ अशी चार वर्षं काँग्रेसने ती रोखली. न्यायाधीश कोर्टात गेले. आपल्याच पगाराचा निवाडा न्यायाधीशांनी कसा करायचा? पण दुसरं करणार तरी कोण, म्हणून केला.

१९८० च्या 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध विल' या निकालाची खरी गंमत तारखांत आहे. १९७८ चा रोखणारा कायदा ३० सप्टेंबरला सही होऊन आला, तो वैध ठरला. वाढ अजून पगारात शिरलीच नव्हती. १९७६ च्या कायद्यावर सही झाली १ ऑक्टोबरला, दिवसा कामाच्या वेळात. वाढ मात्र दिवस सुरू होतानाच लागू झाली होती. म्हणजे ती कपात, आणि म्हणून अवैध. काही तासांचा फरक!

मग १९८१ मध्ये काँग्रेसने कलम १४० आणलं: आमच्या स्पष्ट मंजुरीशिवाय न्यायाधीशांना वाढ नाही. १९८९ मध्ये मात्र बाहेरच्या कमाईवर मर्यादा घालून त्या बदल्यात महागाईनुसार आपोआप वाढ कबूल केली, आणि पुढे तीही काही वर्षं अडवली. २०१२ मध्ये 'बिअर' प्रकरणात फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने ठरवलं की कबूल केलेली नेमकी वाढ अडवणं हीसुद्धा कपातच. जिल्हा न्यायाधीशांचा वार्षिक पगार २०१३ मध्ये १,७४,००० डॉलर होता, २०१४ मध्ये १,९९,१०० झाला.

मला २०१२ चा निकाल पटतो. पण त्यात एक खोच आहे: वाढ कबूल करून अडवली तर कपात, मुळात कबूलच केली नाही तर महागाई कितीही खाऊ दे, कपात नाही. 'विल'चा निकाल वाचणार असाल तर आधी वहीत चार वर्षांच्या तारखांचा तक्ता करा. मी तो न करता वाचायला बसले आणि दोनदा पहिल्या पानावर परत आले.