राग पक्षांवर, दोष नियमांत

अमेरिकी मतदार आपल्या दोन्ही मोठ्या पक्षांना किती कंटाळला आहे, हे आता अंदाजाने सांगावे लागत नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या 2023 मधल्या पाहणीत 28 टक्के लोकांनी डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन्ही पक्षांविषयी नापसंती नोंदवली. 1994 मध्ये असे म्हणणारे अवघे 6 टक्के होते. राजकारणाचा विचार केला की नेहमी किंवा बऱ्याचदा थकवा येतो, असे 65 टक्क्यांनी सांगितले. त्याच वर्षी गॅलपला 43 टक्के लोकांनी आपण कोणत्याच पक्षाचे नाही असे सांगितले आणि 63 टक्क्यांनी तिसऱ्या मोठ्या पक्षाची गरज बोलून दाखवली. असे असूनही 1853 पासून या दोन पक्षांबाहेरचा एकही माणूस राष्ट्राध्यक्ष झालेला नाही. नेते नालायक निघाले, पैसा माजला, समाजमाध्यमांनी डोकी फिरवली, अशी कारणे यावर नेहमी दिली जातात. त्यांत तथ्य आहेच. पण नेते बदलले, माध्यमे बदलली, तरी कोंडी तशीच राहिली. म्हणून तिचे मूळ निवडणुकीच्या नियमांत शोधले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

1992 ची निवडणूक पाहावी. टेक्ससचे उद्योगपती रॉस पेरो अपक्ष उभे राहिले आणि त्यांना 18.9 टक्के, म्हणजे सुमारे 1 कोटी 97 लाख मते पडली. राष्ट्राध्यक्ष ठरवणाऱ्या 538 प्रतिनिधींच्या मंडळात मात्र त्यांच्या वाट्याला एकही मत आले नाही, कारण बहुतेक सगळ्या राज्यांत ज्याला सर्वाधिक मते त्यालाच राज्याची सारी मते मिळतात आणि पेरोंचे समर्थक देशभर विखुरलेले होते. 1968 मध्ये जॉर्ज वॉलेस यांना पेरोंपेक्षा कमी, साडेतेरा टक्के मते होती. पण ती दक्षिणेत एकवटलेली असल्यामुळे त्यांनी मंडळातली 46 मते मिळवली. पुढे 2000 साली फ्लोरिडात रिपब्लिकन बुश यांनी डेमोक्रॅट गोर यांना 537 मतांनी हरवले, तेव्हा त्याच राज्यात तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना 97 हजारांहून अधिक मते होती. तेव्हापासून तिसऱ्या उमेदवाराकडे वळू पाहणाऱ्या प्रत्येकाला तुझे मत वाया जाईल, उलट नावडत्याच्याच पथ्यावर पडेल, अशी तंबी मिळते. या नियमांत ती बरीचशी खरी आहे, हेच दुःख आहे.

यावर भारतीय वाचक लगेच विचारील की, सर्वाधिक मते घेणारा एकच उमेदवार निवडून येण्याची पद्धत आपल्याकडेही आहे, मग आपल्याकडे पक्षांची एवढी गर्दी कशी? महाराष्ट्रात 2024 ची विधानसभा सहा प्रमुख पक्षांनी लढवली. आक्षेप योग्य आहे. हा एक नियम एकट्याने दोन पक्ष घडवत नाही. आपल्याकडे प्रादेशिक पक्ष राज्यात सत्ता मिळवतो आणि संसदेत आपल्या खासदारांच्या बळावर सरकार टिकवतो किंवा पाडतो. अमेरिकेत कार्यकारी सत्ता एका माणसाच्या हाती असते आणि ती आघाडी करून वाटून घेता येत नाही. शिवाय तिथे असंतुष्ट माणसाला पक्ष फोडण्यापेक्षा पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक लढवून त्याच पक्षाची उमेदवारी घेणे सोपे जाते. मतपत्रिकेवर नाव यावे म्हणून नव्या पक्षाला राज्याराज्यांत वेगवेगळ्या अटी पुऱ्या कराव्या लागतात आणि त्या अटी करणाऱ्या विधिमंडळांत हेच दोन पक्ष बसलेले असतात. रिपब्लिकन पक्षही 1854 मध्ये नवाच होता आणि 1860 मध्ये लिंकन 40 टक्क्यांहून कमी मतांवर निवडून आले, हे खरे. पण त्या काळी मतपत्रिका पक्ष स्वतः छापत. सरकारी मतपत्रिका आणि तिच्यासोबतच्या अटी नंतर आल्या. शिवाय तो पक्ष मोडकळीला आलेल्या व्हिग पक्षाच्या जागी आला. पक्ष पुन्हा दोनच राहिले.

प्राथमिक निवडणूक हीच खरी लोकशाही, असे तिचे समर्थक म्हणतात. 2016 मध्ये ट्रम्प यांनी रिपब्लिकन नेतृत्वाला डावलून उमेदवारी मिळवली, हा त्यांचा पुरावा असतो. पण त्या वर्षी दोन्ही पक्षांच्या प्राथमिक फेऱ्यांत मिळून पात्र मतदारांपैकी जेमतेम 28-29 टक्के लोकांनी मतदान केले. मराठी वाचकांना जवळचे उदाहरण डेट्रॉईटचे आहे. बेळगावकडून अमेरिकेत गेलेले श्री ठाणेदार 2022 मध्ये तिथून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, निवडून आले. मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला, त्यामुळे खरी लढत ऑगस्टमधल्या प्राथमिक फेरीतच झाली. रिंगणात नऊ उमेदवार होते आणि सुमारे 28 टक्के मते विजयाला पुरली. यात ठाणेदारांचा काही दोष नाही. नियमाप्रमाणे ते जिंकले. पण त्या फेरीत ज्यांनी त्यांना मत दिले नाही, त्या सुमारे 72 टक्क्यांना नोव्हेंबरमध्ये निवड अशी फारशी उरली नव्हती. देशातले बहुसंख्य मतदारसंघ आज असेच एका पक्षाच्या खिशात आहेत. काही लोकवस्तीमुळे, काही सीमा मुद्दाम तशा आखल्यामुळे. पक्षहितासाठी आखलेल्या सीमांच्या वादात संघीय न्यायालये पडणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगून टाकले. 2025 मध्ये टेक्ससने जनगणनेची वाट न पाहता रिपब्लिकनांच्या सोयीचा नकाशा केला आणि कॅलिफोर्नियाने मतदारांचा कौल घेऊन डेमोक्रॅटांच्या सोयीचा.

स्वतःला अपक्ष म्हणवणारे बहुतेक लोक शेवटी ठरावीक पक्षालाच मत देतात, तेव्हा हा वैताग वरवरचा आहे, असेही काही अभ्यासक मानतात. निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चुकीचा. समोरच्या पक्षाच्या भीतीने दिलेले मत म्हणजे आपल्या पक्षावरचे समाधान नव्हे.

सुधारणेचे प्रयत्न राज्यांत झाले. मेन राज्यात 2010 मध्ये 38 टक्क्यांच्या आसपास मते घेऊन गव्हर्नर निवडून आला. पुढे 2016 मध्ये तिथल्या मतदारांनी पसंतीक्रमाने मत देण्याची पद्धत स्वीकारली. 2020 मध्ये अलास्काने तिला सर्वांसाठी खुल्या प्राथमिक फेरीची जोड दिली. 2024 मध्ये मात्र कोलोराडो, नेवाडा, आयडाहो आणि ओरेगॉन इथे असे प्रस्ताव पडले. अलास्कात ही पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव हजाराहून कमी मतांनी हरला, म्हणून ती वाचली. जिथे ज्या पक्षाचे वर्चस्व, तिथे बहुधा त्याच पक्षाचा विरोध होता. पण पराभवाचे सारे खापर पक्षांवर फोडता येणार नाही. या सुधारणेलाही मर्यादा आहे. एका जागेवर एकच माणूस निवडायचा असेल तर पसंतीक्रमाने मत वाया जाणे टळते, नवे पक्ष उभे राहतातच असे नाही. ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सभागृहात ही पद्धत शंभर वर्षांहून अधिक काळ आहे आणि तिथे सत्ता दोन गटांतच फिरत आली आहे.

म्हणून खरा उपाय एका मतदारसंघातून तीन ते पाच प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात निवडण्याचा आहे. न्यूझीलंडमध्ये 1978 आणि 1981 या दोन्ही निवडणुकांत मजूर पक्षाला जास्त मते पडूनही बहुमत नॅशनल पक्षाला मिळाले. पुढे दोन्ही पक्षांवरचा लोकांचा विश्वास उडाला आणि 1993 च्या सार्वमतात सुमारे 54 टक्क्यांनी प्रमाणशीर पद्धत स्वीकारली. अशाने इस्रायलसारखी अस्थिर सरकारे येतील, ही भीती तिथे खरी ठरली नाही. अमेरिकेत तर राष्ट्राध्यक्ष संसदेच्या विश्वासमतावर टिकत नाही, त्यामुळे ती आणखी कमी आहे. ही कल्पना अमेरिकेला परकीही नाही. इलिनॉय राज्याच्या कनिष्ठ सभागृहात 1870 पासून 1980 पर्यंत प्रत्येक मतदारसंघातून तीन प्रतिनिधी निवडले जात, आणि डेमोक्रॅटिक शिकागोतून रिपब्लिकन, तर रिपब्लिकन गावांतून डेमोक्रॅटही निवडून येत.

काँग्रेससाठी एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी, ही सक्ती 1967 च्या कायद्याने आहे. दक्षिणेतली राज्ये संपूर्ण राज्याचा एकच मतदारसंघ करून कृष्णवर्णीयांची मते बुडवतील, ही त्यामागची रास्त काळजी होती. मतांच्या प्रमाणात जागा मिळाल्या तर ती काळजीही मिटते. दर चार वर्षांनी एखाद्या नव्या तारणहाराला शोधण्यात जाणारी शक्ती अमेरिकी मतदारांनी हा एक कायदा बदलण्यामागे लावावी. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. काँग्रेसने साधा कायदा करून राष्ट्राध्यक्षांची सही घेतली की पुरते.