उबंटू नव्यानं टाकलं, पण दुकानातली सॉफ्टवेअर येईनात?

परवा उमरीच्या एका ऑनलाइन सेंटरवाल्या दादांचा फोन आला. पीक विम्याची गर्दी, बाहेर शेतकऱ्यांची रांग, आणि कॉम्प्युटर आदल्या रात्रीच फॉरमॅट केलेला. "सर, फायली सगळ्या परत आल्या, पण क्रोम टाकायला गेलं की पॅकेजच सापडत नाही म्हणतंय."

बघा, फायलींचा बॅकअप होता, रिपॉझिटरींचा नव्हता. रिपॉझिटरी म्हणजे उबंटू ज्या गोदामातून सॉफ्टवेअर मागवतं ते. उबंटूच्या स्वतःच्या गोदामांचे पत्ते नव्या इन्स्टॉलसोबत येतात. तुम्ही नंतर जोडलेले, म्हणजे क्रोमचा किंवा एखाद्या पीपीएचा, ते पुसले जातात. म्हणून फॉरमॅटच्या आधी 'ईटीसी'मधलं अख्खं 'ॲप्ट' फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. त्यात पत्ते असतात, बऱ्याचशा चाव्याही. सोबत 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' चालवून येणारी यादी एका फाईलमध्ये ठेवा.

दादांच्या नशिबानं जुनी हार्डडिस्क शाबूत होती. त्यांनी जुनं फोल्डर जसंच्या तसं नव्यावर चिकटवलं, आणि इथंच घोटाळा झाला! आधी २२.०४ होतं, आता २४.०४. जुन्या फायलींत 'जॅमी' लिहिलेलं, नव्या उबंटूचं नाव 'नोबल'. अशी सरमिसळ झाली की अर्धी पॅकेजेस जुनी, अर्धी नवी, आणि मशीन अडकतं.

आम्ही ते सगळं काढलं. उबंटूची मूळ फाईल परत ठेवली, मग बाहेरचे पत्ते एकेक करून जोडले. प्रत्येकानंतर 'सुडो ॲप्ट अपडेट'. क्रोमच्या पत्त्यात 'स्टेबल' असतं, तिथं नाव बदलायची गरज नाही. पीपीएला मात्र नोबलची आवृत्ती आहे का ते आधी पाहायचं. नसेल तर 'रिलीज फाईल नाही' असं येतं.

'नो पब-की' आलं तर चावी राहिली. पत्त्याच्या फाईलमध्ये 'साइन्ड-बाय'पुढं चावीची जागा दिलेली असते, चावी तिथंच ठेवा. माझ्याच जुन्या व्हिडिओत 'ॲप्ट-की' दाखवलंय, ती पद्धत आता सोडा. घाईत 'ट्रस्टेड इज इक्वल टू येस' लिहून तपासणी बंद करू नका, त्या मशीनवर लोकांचे आधार नंबर टाकता तुम्ही!

कमांडची भीती वाटते? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सिनॅप्टिकचा पाठ मराठीत आहे, तो बघा.

दुपारपर्यंत क्रोम चालू झालं. स्कॅनरच्या पीपीएला नोबल नव्हतंच. तो सोडला, उबंटूतला डॉक्युमेंट स्कॅनर उघडला, आणि पहिला सातबारा स्कॅन झाला.