घड्याळाचा वेग आणि कामाचा वेग

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे पाटण तालुक्यांतील कोयनानगर भूकंपानें उद्ध्वस्त झालें. त्या खोऱ्यांत आज भूकंपमापक यंत्रें जमिनीची बारीकशीही हालचाल टिपीत असतात. अशा आधुनिक यंत्राच्या पोटीं हिशेब करणारा एक प्रोसेसर असतो. डोंगरावरील केंद्र सूर्याच्या उजेडावर भरणाऱ्या बॅटरीवर चालत असेल, तर कोयनेच्या पावसाळ्यांत विजेचा कण न् कण मोलाचा ठरतो. म्हणून प्रोसेसर खरोखर किती वेगानें काम करतो, हें अचूक मोजणें अगत्याचें आहे.

प्रोसेसरच्या आज्ञा फ्लॅश-स्मृतींत लिहिलेल्या असतात. वीज गेली तरी त्या पुसत नाहींत, हा तिचा गुण. वाचनांतील मंदपणा हा दोष. आचारी कितीही चपळ असला तरी कोठीघरांतून जिन्नस येईपर्यंत त्याला हातावर हात ठेवून बसावें लागतें, तसेंच हें आहे.

लहान यंत्रांत सर्रास वापरला जाणारा एसटीएम३२एफ१०३ हा प्रोसेसर उदाहरणादाखल घेऊं. त्याचा वेग २४ मेगाहर्ट्झपर्यंत असतां फ्लॅश त्याच्या बरोबरीनें चालते. तो ७२ वर नेला कीं प्रत्येक वाचनामागें दोन ठोके जादा थांबावें लागतें, म्हणजे एका वाचनाला तीन ठोके. ७२ ला ३ नें भागा. पुन्हां २४ च! मग लाभ काय? एका वाचनांत ६४ बिट, म्हणजे चार लहान आज्ञा येतात, आणि पुढील आज्ञा आगाऊ आणून ठेवण्याची सोयही असते. आज्ञा ओळीनें चालल्या तर ती उपयोगी पडते; परंतु मध्येंच दुसरीकडे उडी घ्यावी लागली, कीं आणलेलें वायां जातें आणि पुन्हां थांबणें आलें. तात्पर्य, घड्याळ तिप्पट झालें म्हणून काम तिप्पट होत नाहीं.

मोजावें कसें? काम सुरू होतांच प्रोसेसरची एक तार उंचावावी, संपतांच खालीं आणावी, आणि मधला काळ ऑसिलोस्कोपवर पाहावा. किंवा प्रोसेसरमधील ठोके मोजणारा गणक वाचावा. तेंच काम २४, ४८ व ७२ मेगाहर्ट्झवर, आगाऊ वाचनाची सोय चालू व बंद ठेवून करावें. सरासरीबरोबर सर्वांत दीर्घ वेळही नोंदवावी, कारण भूकंपाचा धक्का सरासरीची वाट पाहत नाहीं. आज्ञा रॅममध्यें हलवूनही मोजावें. मात्र तेथें वेग वाढेलच असें गृहीत धरूं नये, कारण या प्रोसेसरांत रॅमकडे जाणारी वाट आज्ञा आणि आंकडे यांना एकच असते.

२००९ सालीं निघालेल्या कोअरमार्कसारख्या कसोट्यांचे आंकडे जाहिरातींत दिसतात. परंतु आज्ञा कोठें ठेवल्या होत्या आणि घड्याळ किती होतें हें सांगितल्याविना ते अपुरे होत. आपलें काम, आपल्याच स्मृतींतून, आपल्याच घड्याळावर चालवून मोजावें. आणि शेवटीं त्या कामामागें वीज किती खर्चली, हेंही लिहून ठेवावें. डोंगरावरील बॅटरीला जाहिरातींतील आंकडा कळत नाहीं. तिला एवढा हिशेब मात्र कळतो.