पु. ल. देशपांडे यांचे अलक्षित लेखन : विशेष संदर्भ ‘एका कोळियाने’

पु. ल. देशपांडे (१९१९-२०००) हे नाव उच्चारताच ‘बटाट्याची चाळ’, ‘असा मी असामी’ आणि ‘व्यक्ती आणि वल्ली’ यांचे स्मरण होते. गावदेवीत जन्मलेल्या या लेखकाला गिरगाव-परळच्या चाळकऱ्यांनी आपला मानले. मात्र त्या प्रेमापोटीच त्याच्या लेखनाचा मोठा भाग नजरेआड राहिला. ‘विनोदी लेखक’ ही उपाधी जितकी सन्मानाची, तितकीच अडचणीची. तिच्या आड झाकले गेलेले एक दालन म्हणजे पु. लं.चे अनुवाद व रूपांतरे.

‘ती फुलराणी’ आणि ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगभूमीमुळे परिचित झाले. गोगोलवरून केलेले ‘अंमलदार’ आणि मॉमच्या ‘शेपी’वरून केलेले ‘भाग्यवान’ यांचा उल्लेख मात्र सहसा यादीपुरताच होतो. सोफोक्लीजच्या शोकात्मिकेचा अनुवाद ‘राजा ओयदिपौस’ (१९७९) तर अनेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ऐकूनही ठाऊक नसतो. जेथे हशाला जागाच नाही अशी संहिता या लेखकाने का निवडली असावी, हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे.

दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या असता या प्रश्नाची उकल होऊ लागते. ‘काय वाट्टेल ते होईल’ (१९६२) ही जॉर्ज व हेलन पापाश्विली यांच्या पुस्तकावरून आलेली. जॉर्जियातून अमेरिकेत गेलेल्या माणसाच्या मोडक्या इंग्रजीतून मूळ विनोद निर्माण होतो. असे व्याकरणदोष मराठीत जसेच्या तसे आणता येत नाहीत; आणता येतो तो बोलणाऱ्याचा भाबडेपणा. येथे अनुवादकाच्या अंगचा विनोद मूळ कृतीच्या मदतीला येतो.

‘एका कोळियाने’मध्ये (१९६५) नेमके उलटे घडते. अर्नेस्ट हेमिंग्वेच्या १९५२ सालच्या कादंबरीतील म्हाताऱ्याला चौऱ्याऐंशी दिवस मासा गवसलेला नाही. पंच्याऐंशीव्या दिवशी तो एकटाच खोल समुद्रात जातो, प्रचंड मासा गळाला लागतो; परंतु परतताना शार्क त्याचे लचके तोडतात आणि किनाऱ्याला येतो तो केवळ सांगाडा. अशा आटोपशीर गद्यापुढे कोटीबाज लेखकाला स्वतःचा आवाज गिळावा लागतो. विशेष म्हणजे त्याच १९६५ सालासाठी ‘व्यक्ती आणि वल्ली’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अर्थात, लोकांच्या लक्षात राहिले ते दुसरेच पुस्तक!

तरीही पु. लं.ची खरी करामत शीर्षकात दिसते. हे शब्द एका जुन्या शालेय कवितेच्या प्रारंभीचे. तेथील कोळी हा पुनःपुन्हा पडूनही जाळ्याकडे चढणारा इवलासा जीव आहे; येथील कोळी मासेमार आहे. मराठीत दोघांचे नाव एकच. हेमिंग्वेच्या भाषेत नसलेला हा श्लेष हसविण्यासाठी नाही. वाचकाच्या बालपणातील चिकाटीची गोष्ट तो म्हाताऱ्यामागे उभी करतो. विनोदकाराची भाषिक जाण गंभीर लेखनात कशी उपयोगी पडते, याचे इतके नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

शिवडीच्या संदर्भात या पुस्तकाला आणखी एक बाजू आहे. शिवडीची ओळख आज रोहित पक्ष्यांवरून आणि जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरून सांगितली जाते. पण किल्ल्यालगतच्या या चिखलकिनाऱ्यावर कोळीवाडाही आहे. नाखवा, तांडेल, डोल ही समुद्राची शब्दसंपत्ती कोळी बोलीत नांदते. प्रमाण मराठीची समुद्राशी तेवढी घसट नाही. क्युबाचा म्हातारा कोळी बोलीत बोलू लागला तर तो शिवडीचाच होईल आणि क्युबा हरवेल. निव्वळ प्रमाण भाषेत बोलला तर त्याच्या हातांचा खारट वास उणावेल. समुद्रकथेच्या प्रत्येक मराठी अनुवादकापुढे हा पेच असतो. मनोहर माळगावकरांच्या ‘कान्होजी आंग्रे’ या चरित्राचा अनुवाद करतानाही पु. लं.ना समुद्राच्याच भाषेशी झुंजावे लागले असणार.

भाषांतर-अभ्यासाच्या तासाला मूळ कादंबरी व ‘एका कोळियाने’ यांतील गळ, दोर आणि होडी यांविषयीचे परिच्छेद समोरासमोर ठेवावेत. वर्गात कोळीवाड्यातील विद्यार्थी असल्यास घरी त्या वस्तूंना काय म्हणतात, हे त्यांच्याकडून नोंदवून घ्यावे आणि तिसऱ्या स्तंभात लिहावे.